पास झालेलं रक्त

रक्त तपासायला जायचं म्हणजे आमच्या सुभेदारांना दहावीचा पेपर वाटतो. बरं, दहावीला हे कधी बसलेच नाहीत. आठवीतनं उठले आणि भरतीला पळाले. ती राहून गेलेली हौस आता म्हातारपणी बोटातनं थेंब थेंब काढून भागवून घेतायत. साखरेचा आजार जडून कैक वर्षं झाली, पण आजार वाढला का कमी झाला हा विषयच त्यांच्या डोक्यात नाही. त्यांच्या डोक्यात एकच. पास का नापास.

आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, सातारा जिल्हा संपून सांगलीचा सुरू व्हायच्या बेतात असतो तिथं. गावात सरकारी उपकेंद्र आहे. महिन्यातल्या एका मंगळवारी तिथं म्हाताऱ्या माणसांची साखर आणि बीपी बघतात. बघायला आम्रपाली मॅडम असतात. पोरगी लोणंदची, वयानं माझ्या नातीएवढी, पण बोलणं असं की सासुरवाशिणीला पण धीर यावा. तिनं साधं सांगितलंय, रोज जे खाता ते खाऊन या, रोजच्या गोळ्या घेऊन या. एवढं सोपं काम. पण सोपं काम सोपं करतील तर ते सुभेदार कसले?

मंगळवार जवळ आला की शनवारपासनंच आमच्या घरात युद्ध जाहीर व्हायचं. भात बंद. चपाती बंद. भाकरी चतकोर, ती पण माझ्यावर उपकार म्हणून. सकाळी कारल्याचा रस, दुपारी भिजवलेली मेथी, दिवस कलला की तळ्यापर्यंत पळत जायचं आणि धापा टाकत यायचं. मी ताट वाढलं की ताटाकडं असं बघायचे, जसं काय मी शत्रूच्या छावणीतनं विष कालवून आणलंय. आणि गोळ्या? गोळ्या रोज सकाळी घ्यायच्या. आमचे सुभेदार त्या महिनाभर डब्यात साठवायचे आणि परीक्षेच्या तोंडावर काढायचे, दारूगोळा राखून ठेवल्यासारख्या.

"आवं, रोजच्या रोज घ्यायच्या असत्यात न्हवं?" मी एकदा विचारलं.

"पेपर झाल्यावर पुस्तक कोण उघडतंय गं?"

हे उत्तर. सांगा आता, ह्यावर बाईमाणसानं काय बोलावं? भाकरी थापायची आणि गप बसायचं. थापली. गप मात्र बसले नाही.

हे वेड त्यांनी फौजेतनं आणलंय. तिकडं वर्षाला मेडिकल व्हायचं. बीपी वाढलं, वजन वाढलं, की माणूस खालच्या कॅटेगरीत जायचा आणि त्याची बढती अडकायची. त्यांच्या बरोबरीचा एक हवालदार म्हणे असाच अडकला, तो हवालदार म्हणूनच घरी गेला. आमच्यांनी तेव्हाच गाठ मारून घेतली. मेडिकलच्या आधी उपाशी राहायचं, पळायचं, डॉक्टरसमोर छाती काढून उभं राहायचं आणि "कुछ तकलीफ नहीं साब" म्हणायचं. सुभेदार होऊन घरी आले. आता कुठली बढती राहिलीय ते देवाला माहीत, पण छाती अजून आत गेलेली नाही. पोट पण नाही.

आणि हे वेड एकट्यापुरतं असतं तर मी ते पदरात बांधून ठेवलं असतं. ह्यांनी ते गावाला लावलं.

दूध डेअरीसमोर सिमेंटचा लांबडा कट्टा आहे. सकाळचं दूध घातलं की म्हातारी माणसं तिथं बसतात. सुभेदार त्याला पलटण म्हणतात. ह्यांच्या उजव्या हाताला नानासो. साखर कारखान्यात काट्यावर होते, जन्मभर उसाच्या गाड्या वजन केल्या आणि आता स्वतःचं वजन काट्याला परवडत नाही. मग हिंदुराव, एसटीचे कंडक्टर. आणखी चार-दोन असेच रिकामे. मंगळवारी सगळ्यांनी उपाशी जायचं, सगळ्यांनी पास व्हायचं, आणि पास झाले की पलटण सरळ गुऱ्हाळावर जायची. गरम काकवी प्यायला! पोटात चार दिवसांची भूक आणि वरनं वाटीभर काकवी. म्हणजे साखर नाही हे सिद्ध केलं, ते साखर प्यायला मिळावी म्हणून. ह्याला अक्कल म्हणत असतील तर माझी म्हैस मास्तरीण झाली असती.

नापास होणाऱ्याला शिक्षा पण होती. त्यानं महिनाभर कट्ट्याच्या टोकाला बसायचं, जिथं लिंबाची सावली पोचत नाही तिथं. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याला "लो कॅटेगरी" म्हणायचं.

एका महिन्यात हिंदुराव नापास झाले. बिचाऱ्यांचा गुन्हा काय? तर सकाळी घरात खीर केली होती, ती नातवासोबत खाल्ली आणि मॅडमनी विचारल्यावर खाल्ली म्हणून सांगितलं. मॅडमनी त्यांच्या गोळ्या बदलल्या आणि सुभेदारांनी त्यांची जागा बदलली. हिंदुराव दोन दिवस उन्हात बसले. तिसऱ्या दिवसापासनं कट्ट्यावर यायचेच बंद झाले.

त्यांची शालन विरजणाच्या निमित्तानं माझ्याकडं आली. वाटी हातात धरून उभी राहिली, पण जायचं नाव घेईना.

"वैनी, आमचं हे खोलीतनं बाहीर येईनात," ती म्हणाली. "दिवसभर टीव्हीवर सोन्याचा भाव बघत बसत्यात. घरात फुटका मणी न्हाई सोन्याचा."

"आणि साखर?"

"साखर आली की उताराला, नव्या गोळ्यांनी. पर करायची काय ती? रात्री जेवताना माझ्यासंगं बोलायचं, ते बी बंद झालंय. सुभेदार भावजींनी एक डाव हाक मारली असती तर आलं असतं."

मी संध्याकाळी सुभेदारांना सांगितलं, की जावा आणि हिंदुरावांना बोलवून आणा. माणूस माणसात बसला तर जगतो.

"शिस्त हाय ही," ते म्हणाले. "आज एकाला ढील दिली तर उद्या समदी पलटण खीर खाईल."

आता खरं सांगायचं तर हा कट्टा त्यांना का लागतो ते मला कळतं. थोरला पोरगा शिरवळला कारखान्यात, तिथंच घर केलंय. पोरगी माया सांगलीला. पेन्शनीत आले तेव्हा आमचे सुभेदार सकाळी सकाळी परड्यात उभे राहून म्हशीला सावधान-विश्राम शिकवायचे. म्हैस ऐकायची नाही आणि मी तर त्याहून नाही. मग त्यांना कट्टा सापडला. तिथं त्यांनी हात वर केला की चार माणसं बोलायची थांबतात. एवढं ज्याला म्हातारपणी मिळालंय, तो ते साखरेच्या एका आकड्यासाठी घालवेल का? नाहीच घालवणार. त्यापेक्षा हात-पाय घालवेल.

मॅडमना मात्र संशय आला होता. एकदा मी पण सोबत गेले होते, तेव्हा म्हणाल्या, "आजोबा, तुमचं दंडातलं रक्त घेते. कराडला पाठवू. त्यात मागच्या तीन महिन्यांची साखर कळते. त्या दिवशी काय खाल्लं, काय नाही, त्याला काही अर्थ राहत नाही."

सुभेदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मागचं कशाला उकरता, मॅडम? आज जवान हजर हाय का न्हाई तेवढं बघायचं. आज हजर हाय!"

"पायाला मुंग्या येतात का? पायाला जखम वगैरे?"

"फिट!" असं म्हणून ह्यांनी फरशीवर पाय असा आपटला, की टेबलावरची बाटली हलली. पलटण हसली. मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आजी, घरी तुम्ही त्यांची पावलं बघत जा. रोज. तळवे, बोटांच्या बेचक्या."

मी मान हलवली. पण बघायला पावलं दिसायला तर पाहिजेत! चैत्राच्या उन्हात जिथं कौलं तडतडतात, तिथं आमचे सुभेदार मोजे घालून झोपायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारचळ. मग वाटलं, फौजी कॅन्टीनमधनं नवीन मोजे आणलेत, त्याची हौस. आयतवारी दुपारी ते पालथे पडून घोरत होते आणि मी शेजारनं निघाले, तर वास आला. मेलेल्या उंदराचा येतो तसा. मी कपाटामागं बघितलं, कणगीमागं बघितलं. मग कुठनं येतो ते कळलं.

मी मोजा ओढला. मोजा बोटाला चिकटला होता.

अंगठ्याशेजारचं बोट खालनं फुटलं होतं आणि टोकाला काळं पडलं होतं. वर हळद, खोबरेल, आणखी कसली तरी पूड. मी चिकटलेला मोजा ओढून काढला तरी हा माणूस जागा झाला नाही. मी हाक मारली तेव्हा जागे झाले.

"हे काय?"

त्यांनी पाय आखडून घेतला. "काय न्हाई. बूट लागला."

"कवा?"

"झालं थोडं दीस."

"आणि बोललासा न्हाई?"

"बोलायचं काय त्यात? दुखत न्हाई. दुखत न्हाई म्हंजे बरं हुतंय."

"आवं, काळं पडलंय ते!"

"खपली हाय ती."

मी लगेच मायाला फोन लावला. ती म्हणाली, आई, आत्ताच्या आत्ता गाडी करून आणा, इथं चांगले डॉक्टर आहेत. मी पुतण्याला गाडी काढायला सांगितलं. गाडी दारात आली. सुभेदार सोप्यात खांब धरून बसले. उभ्या आयुष्यात ज्या माणसानं मला कधी विनवलं नव्हतं, तो हात जोडून म्हणाला, "राही, मंगळवार हुं दे. पलटण समदी जमणार हाय. तेवढं पास हुतो, मग मी सोताच मॅडमला पाय दाखवतो. शब्द हाय माझा."

"आणि मंगळवारपतूर बोट गळून पडलं तर?"

"बूट हाय की वर. कुणाला दिसतंय?"

सोमवारी मी उठायच्या आत हे रानात निघून गेले. दिवसभर आले नाहीत. पायाला घाव घेऊन मोठा शूर गडी पाटाच्या पाण्यातनं फिरत बसला, बायकोच्या भीतीनं. मंगळवारी मी पदर खोचला आणि त्यांच्या मागनं उपकेंद्रात गेले.

पलटण ओळीनं बसली होती. कुणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, पण तोंडावर तेज असं, जसं काय सगळे घोड्यावर बसून लग्नाला निघालेत. सुभेदार मात्र मला वेगळे दिसले. कपाळावर घाम. हात थरथरत होता. नंतर कळलं, की ह्यांनी शनवारपासनं चतकोर भाकरी पण माझ्या नकळत टाकून दिली होती आणि ह्या खेपेची परीक्षा जास्त अवघड म्हणून सकाळी डब्यातल्या साठलेल्या गोळ्या मूठभर एकदम घेतल्या होत्या. अभ्यास राहिला की पोरं आदल्या दिवशी अख्खं पुस्तक पाठ करतात, त्यातला प्रकार.

मॅडमनी बोटाला सुई टोचली. मशिनीवर आकडा आला. मॅडमचा चेहरा उतरला. नानासो पाठीमागनं मान लांब करून बघत होते.

"पन्नासच्या बी खाली!" नानासो ओरडले. "आरं, एवढं कमी आजपतूर कुणाचं आलं न्हाई! सुभेदार पयलं आलं रं!"

पलटणीनं टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टी मारली. आणि पहिले आलेले सुभेदार खुर्चीवरनं घसरून खाली गेले.

तरी टाळ्या लगेच थांबल्या नाहीत. मागच्यांना वाटलं, आनंदानं बसले.

"साखर! साखर आणा कुणीतरी!" मॅडम ओरडल्या. त्यांनी पेल्यात साखर ढवळली आणि घोट घोट पाजली. मी कमरेच्या पिशवीतला गुळाचा खडा काढून धरला. साखरेच्या माणसाला साखर पाजतायत हे बघून नानासोंचं तोंड उघडं राहिलं. मॅडमनी त्यांना सगळ्यांना बाहेर काढलं आणि पडदा ओढला.

"आजोबांनी गोळ्या किती घेतल्या? उपाशीपोटी? साखर एकदम खाली गेलीय. थोडा उशीर झाला असता तर—" मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

मी खाली वाकले आणि ह्यांच्या बुटाची नाडी सोडली. सुभेदार हळू आवाजात म्हणाले, "नको." मी सोडली.

मॅडमनी पाय बघितला आणि फोन उचलला.

पडद्याबाहेर पलटण एकमेकांना सांगत होती, की लय तयारी केल्यानं चक्कर आली. बूट कुणी बघितला नाही. अॅम्ब्युलन्स आली, त्यात बसताना पण सुभेदारांनी पायावर माझा टॉवेल टाकून घेतला.

कराडला बाटली लावली, साखर जागेवर आणली आणि तिथनं आम्ही सांगलीला आलो, मायाच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं. डॉक्टर तरणाच होता. त्यानं बोट दाबलं, टाचणीनं तळव्याला टोचलं.

"आजोबा, कळतंय का?"

"काय?"

"टोचतोय मी."

"न्हाई बा," सुभेदार म्हणाले, आणि खोटं नाही सांगत, त्यात अभिमान होता. "आमाला असलं काय लागत न्हाई."

डॉक्टरनं टाचणी खाली ठेवली. "तेच तर वाईट आहे. साखरेनं पायाच्या नसा मेल्यात. दुखायचं बंद झालंय म्हणून तुम्हाला बरं वाटतंय. दुखत असतं तर पहिल्याच दिवशी तुम्ही आला असता आणि मलमपट्टीवर भागलं असतं. आता बोट काढावं लागेल. आणखी आठवडाभर थांबला असता तर पाऊल."

सुभेदार छताकडं बघत राहिले. माया रडायला लागली. मी नाही रडले. रडून पाय वाचत असते, तर गावातल्या निम्म्या बायकांच्या नवऱ्यांना चार चार पाय असते.

बोट काढलं. डॉक्टरनी सांगितलं, की उरलेला पाय आता तुमच्या हातात आहे. रोज आरशात तळवे बघा. गोळ्या रोज. जेवण वेळेवर, उपास नाही. साखर तपासायची ती कळायला, दाखवायला नाही. सुभेदारांनी सगळ्याला "येस साब" म्हटलं. मला वाटलं, बरं झालं, एक बोट गेलं पण अक्कल आली. एका बोटात एवढी अक्कल मिळत असेल तर महाग नाही.

पण मग पलटण भेटायला आली.

शीटं कोंबून नेणारी वडापची जीप भरून आली. नानासो पुढं, हातात केळ्याचा घड. बाकीचे मागं. आणि अगदी शेवटी, दाराच्या चौकटीला धरून, हिंदुराव. त्यांना बघून मला बरं वाटलं. शालननं धाडलं असणार. तेच एकटे पुढं आले, खाटेजवळ वाकले आणि ह्यांचं नाव घेऊन म्हणाले, "लालासाहेब, लय दुखतंय का?"

सुभेदारांनी चादर पायावरनं गळ्यापर्यंत ओढली.

"दुखतंय कुठलं! खिळा घुसला. गंजका खिळा. धनुर्वात व्हायला नको म्हणून डॉक्टरनं बोट काढलं, एवढंच."

मी सफरचंद कापत होते. माझी सुरी थांबली.

"खिळा?" नानासो म्हणाले. "आन् आमी म्हणलं साखरेचं काय हाय का काय."

"साखर? त्या दिवशी बघितलं न्हाईसा व्हय? पयला नंबर!"

"ते बी खरं," नानासो म्हणाले आणि खुर्ची ओढून निवांत बसले. पलटणीच्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा झाला. एकानं घडातलं केळं तोडलं. सुभेदारांचा आवाज चढला. खिळा कसा होता, केवढा होता, त्यांनी तो कसा स्वतःच्या हातानं उपसून काढला, सगळं सुरू झालं. मी ऐकत होते. अख्खी लढाई झाली त्या खिळ्याशी. पलटण मन लावून ऐकत होती. हिंदुराव तेवढे माझ्याकडं बघत होते.

मी तरी गप बसले असते. देवाशपथ. म्हाताऱ्या माणसाची लाज म्हणजे त्याचं शेवटचं धोतर. ते फेडायची मला हौस नाही. घरी नेलं असतं, चार भिंतींत बोलले असते. पण तेवढ्यात नानासोंना हुरूप आला.

"पाय मजबूत पायजेत गड्या," ते म्हणाले. "माझं बघा. परवा कारखान्याकडनं चालत आलो. घरात आल्यावर सून म्हणाली, मामा, एकाच पायात चप्पल हाय. दुसरी वाटंत कुठं निघून गेली, मला पत्ता न्हाई! अनवाणी खडीवरनं चालत आलो आन् कळलं बी न्हाई!"

सगळे हसले. खोली हसण्यानं भरली. नानासो स्वतःच्या मांड्यांवर थापा मारत हसत होते.

मी सुभेदारांकडं बघितलं. टाचणी त्यांना पण आठवली होती. ते मला दिसलं, कारण त्यांचं तोंड क्षणभर पडलं आणि डोळे नानासोंच्या पायाकडं गेले. नानासोंच्या टाचेला कळकट चिंधी बांधलेली होती. आता बोलतील, मला वाटलं. आता तरी बोलतील. बरोबरीचा माणूस, काट्यावरचा, भोळा, ह्यांनी कारलं सांगितलं तर कारलं पिणारा आणि पळ म्हटलं तर पळणारा.

सुभेदारांनी माझी नजर चुकवली. मग ते पण हसले.

"शाबास, नानासो!" ते म्हणाले. "पाय असावा तर असा! मंगळवारी पयला नंबर आता तुमचा!"

मी सुरी ताटलीत टाकली. खण्ण आवाज झाला आणि हसणं बंद पडलं.

"नानासो, उठा. खालच्या मजल्यावर डॉक्टर हायत. हिंदुरावांना घेऊन जावा आणि पायाची ती चिंधी सोडून दाखवा."

"वैनी, मला काय झालंय? दुखत बी न्हाई..."

"म्हणूनच जावा म्हणतीय. खिळा-बिळा काय नव्हता. आमच्या ह्यांचं बोट साखरंनं सडलं. ह्यांचं बी दुखत नव्हतं."

नानासोंच्या हातातलं केळं तसंच राहिलं. त्यांनी सुभेदारांकडं बघितलं, कुणीतरी नाही म्हणावं म्हणून. सुभेदार भिंतीकडं तोंड करून होते. हिंदुरावांनी नानासोंच्या दंडाला धरलं आणि त्यांना बाहेर नेलं. बाकीचे त्यांच्या मागनं गेले. जाताना कुणी ह्यांना रामराम केला नाही.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. ते भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले, "पलटणीम्होरं माझी लाज काढलीस."

मी खुर्ची त्यांच्या तोंडासमोर नेली आणि बसले. भिंत माझ्यापेक्षा गरीब असते, तिला तोंड नसतं.

"काढली," मी म्हणाले. "आवं सुभेदार, तुमी खोटं बोलून सोताचं बोट घालवलं, त्यावर मी बोलणार न्हाई. बोट तुमचं हुतं. पर आज तुमाला दिसलं की नानासोंचा पाय चाललाय, आणि तुमी त्येला शाबासकी दिलीसा. फौजंत तुमी कसं हुतासा मला ठाव न्हाई, मी बघाय आले न्हवते. पर सोबती म्हणून तुमी लय हलकं माणूस निघालासा. आता घरी गेल्यावर तुमच्या तळव्याला रोज आरसा मी धरीन, मरूस्तवर धरीन, त्याची काळजी करू नका. पर पयलं खाली जायचं, चाकाच्या खुर्चीवर बसून, आणि नानासोंच्या शेजारी थांबून ही पट्टी त्यास्नी उघडी करून दाखवायची. तवर तुमच्या तोंडचं 'फिट' मला ऐकू येणार न्हाई, आणि दुखतंय म्हणून वरडलासा तर ते बी न्हाई."